शाळा सुटली

आमच्या घरात इंग्रजी आलं ते ताईच्या दप्तरातून. १९७७ च्या जूनमध्ये ती पाचवीत गेली. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. मी चौथीत होतो. आमचं गाव खालापूर तालुक्यात, कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर, केळवली स्टेशनपासून पायी अर्ध्या तासावर. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली लागलं. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर गाडी पकडून कर्जतला जायचं. तशा जाणाऱ्या मुली मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती.

ताईच्या चार रेघी वहीचं मला फार अप्रूप. आमच्या वहीला एकच रेघ, तिच्या वहीला चार. रात्री कंदिलाजवळ बसून ती मोठ्याने वाचायची आणि आम्ही सगळे ऐकायचो. कळत कोणालाच नव्हतं, पण पोरगी इंग्रजी वाचते याचं घरात कौतुक होतं.

एकदा असाच आषाढातला पाऊस लागला होता. कौलांवर इतका आवाज की ताईला ओरडून वाचावं लागत होतं. ती वाचत होती, "इट इज रेनिंग." आजी चुलीपुढे सुकट भाजत होती. तिने विचारलं,

"काय म्हनलीस?"

"पाऊस पडतोय, आजी."

"त्यात पाऊस कुठाय?"

"रेनिंग म्हणजे पाऊस पडतोय."

"आन् त्यो इट कोन?"

ताई गप्प. इट म्हणजे 'ते', एवढं तिला माहीत होतं. पण 'ते' म्हणजे कोण? दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, इंग्रजीत तसंच असतं, पाठ करायचं. आजीला हे काही पटलं नाही. तिने आपला विचार करून सांगितलं, "देव आसंल. नाव घेत नसतील त्याचं." आजीने उभ्या जन्मात आजोबांचं नाव घेतलं नव्हतं. 'त्ये शेतावर गेल्यात', 'त्ये जेवले' असंच ती बोलायची. त्यामुळे नाव न घेता कोणाला तरी वाक्यात पुढे बसवायचं, ही गोष्ट तिला आमच्यापेक्षा लवकर कळली.

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की तो इट खरोखरच कोणी नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. पाडणारा कोणी नसला तरी खुर्चीवर कोणीतरी बसवावा लागतो, म्हणून तो इट. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे पाऊस स्वतःच पडतो. 'उजाडलं', 'सांजावलं' एवढं एकेका शब्दात म्हटलं तरी वाक्य पुरं होतं. कोणी उजाडवलं, कोणी सांजावलं, हे कोणी विचारत नाही.

मी पाचवीत गेलो तेव्हा ताई सहावीत होती. ती शाळेत जे शिके ते संध्याकाळी मला शिकवी. वाक्याचे भाग कसे पाडायचे हे मी गुरुजींच्या आधी तिच्याकडून शिकलो. तिची रीत सोपी होती. आधी क्रियापद धरायचं. मग त्यालाच विचारायचं, कोण? उत्तर येईल तो कर्ता. मग विचारायचं, काय किंवा कोणाला? उत्तर येईल ते कर्म. मग केव्हा, कुठे, कसं. जे उरलं ते त्यात बसतं.

लावणीच्या दिवसांत शाळेतून आलो की आम्हालाही खाचरात उतरावं लागे. डोक्यावर इरलं, हातात रोपांची मूठ, पोटरीपर्यंत चिखल. ताई वाकून रोपं लावता लावता म्हणायची, "आय प्लांट राइस. क्रियापद कुठलं?"

"प्लांट."

"कोण?"

"आय."

"काय?"

"राइस."

"आता हे घे. द बॉय स्लीप्स. काय?"

मी अडखळायचो. झोपतो, पण काय झोपतो?

"काही नाही," ती हसून म्हणायची. "काही क्रियापदांना कर्म लागतच नाही. झोपायला दुसरं कोन लागतंय? तुझंच वाक्य हाय बघ हे."

पलीकडच्या खाचरातून आई ओरडायची, "त्वांडं कमी चालवा, हात चालवा." मग आम्ही हात चालवायचो, पण तोंडही चालू असायचं.

१९८० च्या उन्हाळ्यात ताई सातवी पास झाली. वर्गात पहिली आली. वर्गात मुलं अकराच होती, पण पहिली ती पहिलीच. मी सहावी पास झालो होतो. मे महिन्यातली एक रात्र मला अजून लख्ख आठवते. उकाड्यामुळे मी ओटीवर निजलो होतो. आत बाबा आईला म्हणाले,

"फुडल्या वर्षी ह्याला कर्जतला घालायचा. पास, पुस्तकं, कपडे. दोघांचं कुठून जमायचं?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग आई म्हणाली, "धाकटं बी अजून कडंवर हाय. शेतावर माज्यासंगं कोन?"

एवढंच बोलणं झालं. 'ताईला शाळेतून काढू' असं कोणी म्हटलं नाही. मी जागा होतो. मी डोळे गच्च मिटून घेतले आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, मला बरं वाटलं. रेल्वेचा पास मला मिळणार होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ताई कर्जतला गेली नाही. कोणी विचारलं तर आई सांगे, "तिची शाळा सुटली." बाबाही तेच सांगत. गावात सगळ्यांनाच ते वाक्य ओळखीचं होतं. अमकीची शाळा सुटली, तमकीची सुटली. रोज संध्याकाळी पाचला घंटा झाली की शाळा सुटते आणि पोरं आरडाओरडा करत बाहेर पडतात, तेच हे शब्द. तेव्हा कोणाच्या लक्षात येत नव्हतं, पण दोन्ही वाक्यांत सोडणारा कोणी नाही. गाठ आपोआप सुटावी तशी शाळा सुटते.

ताईने इंग्रजीची पुस्तकं मला दिली. सातवीच्या पुस्तकावर तिने नाव घातलं होतं, ते खोडून त्याच्याखाली माझं नाव तिनेच लिहिलं, वळणदार.

१९८१ च्या जूनपासून मी कर्जतच्या हायस्कुलात जाऊ लागलो. सकाळची गाडी, मग पळसदरी, मग कर्जत. स्टेशनात उतरलं की बटाटवड्यांचा वास. खिशात पैसे नसायचे, वास फुकट मिळायचा. पुण्याकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या कर्जतला थांबत आणि त्यांना मागून जास्तीची इंजिनं लावत. त्यांना बँकर म्हणतात. बोरघाटाचा चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या एकट्या इंजिनाच्याने गाडी चढत नाही, मागून रेटावी लागते. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. तेव्हापासून आजवर आमच्या भागातली किती माणसं त्या इंजिनांवर आणि रुळांवर पोटाला लागली, त्याची गणती नाही.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी याच गाड्यांवर व्याकरण शिकवलं. फळ्यावर त्यांनी दोन आगगाड्या काढल्या. पहिल्या गाडीखाली लिहिलं, 'बाबा शेतात भात लावतात.' दुसरीखाली, 'फादर प्लांट्स राइस इन द फील्ड.' म्हणाले, "क्रियापद हे इंजिन. मराठीत ते सगळ्यात मागे, आपल्या बँकरसारखं. कर्ता, कर्म, जागा, वेळ सगळे डबे पुढे आणि रेटणारं शेवटी. म्हणून मराठी माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत तो काय करणार ते कळत नाही. इंग्रजीत इंजिन पुढच्या डब्याला लागूनच. कोण आणि काय करतो, हे आधी सांगून टाकायचं. बाकीचं मग."

मग त्यांनी लिहिलं, 'वाघाने माणूस मारला.' शब्दांची जागा बदलली, 'माणूस वाघाने मारला.' विचारलं, "मेला कोण?" माणूसच. "का? कारण वाघाला 'ने' चिकटला आहे. तो कुठेही जाऊन बसला तरी मारणारा तोच." मग इंग्रजीत, 'द टायगर किल्ड द मॅन.' जागा बदलली, 'द मॅन किल्ड द टायगर.' "आता कोण मेला?" सगळा वर्ग ओरडला, "वाघ!" सर म्हणाले, "इंग्रजीला प्रत्ययाची शेपटी नाही. तिथे जागा हीच ओळख. कर्ता जागेवरून हलला की खून दुसऱ्याच्या नावावर."

मराठीच्या खोडीही त्यांनी दाखवल्या. 'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलीने भाकरी खाल्ली.' खाणारी मुलगीच, पण क्रियापद तिच्याकडे बघतच नाही, ते आंब्याकडे आणि भाकरीकडे बघून बदलतं. हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत आंबा असो की भाकरी, 'एट' ते 'एट'च. 'मला भूक लागली' यात भूक कर्ता, मी आपला 'मला' होऊन बाजूला. इंग्रजी माणूस म्हणतो, 'आय ॲम हंग्री.' आधी आय. ताप आला तरी ताप त्याच्याकडे येत नाही, 'आय हॅव अ फीव्हर,' ताप त्याच्या मालकीचा. सर हसून म्हणाले, "आपल्याकडे सगळं आपल्यावर येऊन पडतं. भूक लागते, ताप येतो, इंग्रजीसुद्धा आपल्याला 'येतं'. आपण काही करत नाही."

त्या दिवशी मी घरी येऊन हे सगळं ताईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकलं, वाघाच्या खुनाला हसली आणि म्हणाली, "पूरक शिकवलं का? आम्हाला सातवीत शेवटी शेवटी होतं, पन नीट कळलं नाही." मी सांगितलं, 'फादर इज अ फार्मर' यात फार्मर हे कर्म नाही. बाबा शेतकऱ्याला काही करत नाहीत, बाबाच शेतकरी आहेत. कर्त्याविषयीच सांगून वाक्य पुरं करतं ते पूरक. ती म्हणाली, "म्हंजे मी कोन ते सांगायचं." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

नववीत सरांनी सांगितलं, आपल्या घरातल्या माणसांवर इंग्रजीत पाच-पाच वाक्यं लिहून आणा. बाबांचं, आईचं, आजीचं लिहून झालं. ताईपाशी मी अडलो. 'माय सिस्टर इज अ'च्या पुढे काय लिहायचं? स्टुडंट लिहिता येत नव्हतं. मग मी घरात ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. 'माय सिस्टर्स स्कूल लेफ्ट.'

सरांनी वर्गात ते मोठ्याने वाचलं. "स्कूल लेफ्ट? शाळा निघून गेली? कुठल्या गाडीने?" वर्ग हसला, मीही हसलो. सर वाईट नव्हते, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून दिलं, 'माय सिस्टर लेफ्ट स्कूल.' म्हणाले, "सोडणारी शाळा नव्हे. सोडणारी बहीण. ती कर्ता, शाळा कर्म. ध्यानात ठेव."

संध्याकाळी मी वही ताईला दाखवली. दुरुस्ती कशी झाली ते सांगण्याच्या उत्साहात होतो. तिने लाल शाईवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग विचारलं,

"लेफ्ट म्हंजे सोडली ना?"

"हो."

"कोण, तर माय सिस्टर."

"हो."

"मी कुठं सोडली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने वही मिटून माझ्या हातात दिली. "सरांचं व्याकरण बराबर आसंल," ती म्हणाली, "पन वाक्य खोटं हाय." आणि पाणी आणायला गेली. तिने मला शिकवलेला पहिला प्रश्न होता, 'कोण?' तो तिने मलाच परत विचारला होता आणि मी तिसऱ्या वर्षीही त्यात नापास झालो होतो.

पुढे मी बी.ए., बी.एड. केलं, इंग्रजीचा शिक्षक झालो. ताईला कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या बाजूला दिलं. हे 'दिलं'ही तसलंच. शिक्षक झाल्यावर व्याकरणाची पुस्तकं हाताळायला मिळाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तिथपासून आपण कर्ता-कर्म-क्रियापद शाळेत घोकतो आहोत. पण नावं त्याहून फार जुनी, संस्कृतातली. पाणिनीने कर्ता कोणाला म्हटलं आहे, तर क्रियेमध्ये जो स्वतंत्र असतो त्याला. हे वाचलं त्या दिवशी मला पुस्तक पुढे वाचवेना. ताईच्या त्या वाक्यात स्वतंत्र कोण होतं? 'माय सिस्टर लेफ्ट स्कूल' हे इंग्रजीत अगदी बरोबर आणि पाणिनीच्या हिशेबाने साफ चूक.

वर्गात मी कर्मणी प्रयोग, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस, शिकवायचो तेव्हा पुस्तकात लिहिलेलं असे की करणारा महत्त्वाचा नसला की 'बाय' आणि त्याच्यापुढचं नाव गाळलं तरी चालतं. मी पोरांना त्याच्यापुढे एक वाक्य जास्तीचं सांगायचो. गाळलेला दर वेळी बिनमहत्त्वाचा असतो असं नाही, कधी तो लपलेला असतो. पोरं माना डोलवायची. परीक्षेत हे येत नव्हतं.

बाबा गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. त्यांना दिसायला कमी झालं होतं. ओटीवर बसून ते पाऊस ऐकत. ताई माहेरी आली होती, सोबत तिची थोरली मुलगी. ती कर्जतला कॉलेजात जात होती. पोरगी आत काहीतरी इंग्रजी वाचत होती, मोठ्याने. बाबा ऐकत राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले,

"आवाज अगदी आयसारखा हाय."

मी म्हटलं, "हो."

"तिची शाळा म्या काढली," बाबा म्हणाले.

त्यांना सही करता येत नव्हती. आयुष्यभर अंगठा उठवला. ती पहिल्यांदा आमच्या घरात कोणीतरी ते वाक्य कर्ता घालून म्हटलं होतं. सुटली नाही, सोडली नाही, काढली. कोणी? म्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं. 'तुम्ही एकट्यानेच नाही, मी त्या रात्री जागा होतो,' एवढं तरी. मी बोललो नाही. पाऊस पडत होता, त्याच्या आवाजाचा मी आडोसा घेतला.

बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर बायका भांडी आवरत होत्या. मी माडीवरून जुनी ट्रंक खाली काढली. तिच्यात माझी नववीची वही निघाली, आणि ते पान, लाल शाई फिकी झालेली. मी पेन घेतलं आणि सरांच्या दुरुस्तीखाली लिहिलं, 'वी टुक हर आउट ऑफ स्कूल.' मग वही घेऊन मागच्या पडवीत ताईकडे गेलो.

तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला. तीच सवय, शब्दाखाली बोट.

"टुक म्हंजे?"

"घेतलं. टुक आउट म्हणजे काढलं."

"हर म्हंजे मला."

"हो. तू कर्म."

"आन् वी? आम्ही म्हंजे कोन कोन?"

"बाबा, आई," मी म्हणालो. "आणि मी."

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग चष्मा काढला. "तू लहान होतास," ती म्हणाली.

"जागा होतो."

ती काही बोलली नाही. उन्हाळ्याचे दिवस, पडवीच्या कौलांतून उन्हाचे कवडसे वहीवर पडले होते. आत तिची मुलगी तिला हाका मारत होती, शिल्लक भात कशात काढू म्हणून. मी वही परत घ्यायला हात पुढे केला, तर तिने दिली नाही.

"आता बराबर हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं." आणि वही काखेत मारून भात काढायला आत गेली.